पाण्याचा नमुना : चूक कोणत्या बाजूला झुकते?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात सार्वजनिक आरोग्याच्या कामात गेली. साथ आली की दवाखान्याआधी विहीर गाठायची, ही त्यांची शिस्त होती. म्हणून आजचा विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. पाण्याचा नमुना कसा घ्यावा, कसा राखावा आणि तपासणीसाठी कसा तयार करावा, एवढ्यावरच मी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण गावाच्या हाती येणाऱ्या पाण्याच्या अहवालावर किती भरवसा ठेवायचा, हे या लहान विषयातच ठरते.

असा अहवाल आपण बहुतेकांनी पाहिला आहे. एका रकान्यात घटक, दुसऱ्यात मर्यादा, तिसऱ्यात आपल्या पाण्याचा आकडा, खाली सही आणि शिक्का. मर्यादा आयएस १०५०० या भारतीय मानकातून येतात. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. नायट्रेट ४५. आर्सेनिक ०.०१. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात नको. आपला आकडा मर्यादेच्या आत दिसला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तो आकडा विहिरीचा आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बाटलीचा असतो. विहिरीतून निघाल्यापासून यंत्रात जाईपर्यंत त्या पाण्याचे काय झाले, हे अहवालात कुठेही लिहिलेले नसते.

आजची यंत्रे लिटरभर पाण्यातले नॅनोग्रॅम मोजतात. बाटलीत जे उरले ते यंत्र अचूक सांगते. जे वाटेत गेले त्याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही. नमुना हा पाण्याचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार वाटेत फुटला तर न्यायाधीश कितीही हुशार असून उपयोग नाही.

इथवरचे कोणीही मान्य करेल. मला त्यापुढचे सांगायचे आहे. नमुना हाताळताना झालेल्या चुका कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडत असतील आणि शेवटी हिशेब जुळत असेल, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. चुकांना दिशा असते. आणि हलगर्जीपणाची चूक बहुतेक वेळा पाण्याला निर्दोष ठरवते. हे मी एकेका उदाहरणाने दाखवतो.

पहिले उदाहरण बंगालचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून रुग्ण येऊ लागले. अंगावर काळे-पांढरे डाग, तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत झालेले. कारण निघाले नलकूपांच्या पाण्यातले आर्सेनिक. हे आर्सेनिक कुणी कारखान्यातून सोडलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटलेले होते, आणि जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या थरात लोह विरघळले तसे तेही पाण्यात उतरले.

आता अशा नलकूपाचे पाणी बाटलीत भरा. भरताना ते नितळ असते. हवा लागली की विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते, पाणी पिवळसर, मग तांबूस होते आणि थोड्या वेळाने तळाशी गंजासारखा साका बसतो. हा साका आर्सेनिकला ओढून घेतो. पाण्यातले आर्सेनिक काढण्याच्या अनेक गाळणयंत्रणा याच गुणावर चालतात. म्हणजे जी क्रिया आपण शुद्धीकरणासाठी मुद्दाम घडवतो, तीच नमुन्याच्या बाटलीत आपल्या नकळत घडते. दोन दिवसांनी प्रयोगशाळेत कोणी वरचे नितळ पाणी ओतून घेतले, तर आर्सेनिक कमी दिसते. अहवाल पाणी चांगले असल्याचे सांगतो आणि विष बाटलीच्या तळाशी बसलेले असते.

उपाय साधा आहे. धातूंच्या तपासणीच्या नमुन्यात जागेवरच शुद्ध नायट्रिक अ‍ॅसिड घालायचे, इतके की सामू, म्हणजे पीएच, दोनच्या खाली जावा. लिटरमागे सुमारे दीड-दोन मिलिलिटर पुरते. मग लोह खाली बसत नाही आणि धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. फक्त विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळायचे आणि मग अ‍ॅसिड घालायचे. क्रम उलटला तर गढूळ पाण्यातल्या मातीचे धातू अ‍ॅसिडमध्ये उतरतात आणि आकडा फुगतो. एकूण धातू हवे असतील तर गाळायचे नाही. प्रयोगशाळेत नमुना अ‍ॅसिडमध्ये तापवून कण विरघळवायचे, ज्याला तिथे डायजेशन म्हणतात. जागेवर अ‍ॅसिड घालायचे राहून गेले असेल, तर ते प्रयोगशाळेत त्याच बाटलीत घालावे, निदान रात्रभर ठेवावे आणि मगच पाणी बाहेर काढावे. पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून मग अ‍ॅसिड घातले, तर भिंतीला आणि तळाला जे चिकटले ते कायमचे मागे राहिले.

याच प्रदेशातली आणखी एक गोष्ट. १९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या सुमारे दीडशे विहिरींचे पाणी तपासले. तपासायच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे आर्सेनिक न तपासल्याबद्दलचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला आणि २००६ साली तिथे दावा फेटाळला गेला. कायद्याचा निकाल काहीही लागो, आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. १९९८-९९ मध्ये देशभर ३,५३४ विहिरी आर्सेनिकसाठी तपासल्या गेल्या तेव्हा उथळ नलकूपांपैकी २७ टक्के नलकूप लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. नमुना विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. न विचारलेला प्रश्न आणि निर्दोष उत्तर यांतला फरक अहवाल वाचणाऱ्या गावकऱ्याला दिसत नाही.

आता आपल्याकडे येऊ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेली मुले आणि कंबर वाकलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्याचे मोल सांगायला नको. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा आणि त्यात अ‍ॅसिड घालायचे नाही. धातूंसाठी जे अ‍ॅसिड रक्षण करते, तेच इथे घात करते. आम्लात फ्लोराइडचे हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड होते, आणि बाटली काचेची असेल तर ते काचेशीच जुळते. प्रयोगशाळेतही काळजी संपत नाही. पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह असेल तर काही फ्लोराइड त्यांच्याशी बांधलेले असते आणि फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला ते दिसत नाही. म्हणून मोजण्यापूर्वी नमुन्यात टिसॅब नावाचे द्रावण समप्रमाणात मिसळतात. ते सामू पाच ते साडेपाचच्या आसपास धरते आणि बांधलेले फ्लोराइड मोकळे करते. ही पायरी गाळली तर आकडा कमी येतो. पुन्हा तीच दिशा.

हातपंपावर किंवा बोअरवर नमुना घेताना आधी काही मिनिटे पाणी उपसून टाकावे लागते. पाइपात थांबलेले पाणी भूजलाचे खरे रूप नसते. तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की बाटली भरायची. ती काठोकाठ भरायची आणि सामू तिथेच मोजायचा, कारण भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बाटलीत बसतो. मग कठीणपणाही कमी दिसतो.

जिवाणूंच्या तपासणीत तर हातून होणारी प्रत्येक हालचाल मोजावी लागते. बाटली निर्जंतुक हवी आणि ती त्या पाण्याने खंगाळायची नाही. रासायनिक नमुन्याची बाटली दोन-तीनदा खंगाळायची सवय हाताला असते. तीच सवय इथे बाटलीतले औषध ओतून टाकते. ते औषध म्हणजे सोडियम थायोसल्फेट. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेल्या किंवा क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात ते नसेल, तर क्लोरीन बाटलीतही काम करत राहतो. नळातून पाणी पडले त्या क्षणी जिवंत असलेला जिवाणू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मेलेला असतो. अहवाल येतो, ई. कोलाय आढळले नाही. नळावरच्या माणसाने मात्र तो जिवंत असतानाच प्यायलेला असतो. म्हणून उरलेला क्लोरीन जागेवरच मोजायचा, बाटलीत थोडी हवेची जागा सोडायची, झाकणाच्या आत बोट लावायचे नाही, बाटली अंधारात, बर्फाच्या पेटीत ठेवायची, पण वितळलेल्या पाण्यात बुडू द्यायची नाही. शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत तपासणी सुरू व्हायला हवी. ऊन लागले तर जिवाणू मरतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. नमुना उबेत राहिला तर जिवाणू वाढूही शकतात, घाणेरडे बोट लागले तर स्वच्छ पाणीही दूषित ठरू शकते. तशा चुका होतात. पण त्यांचे पुढे काय होते ते पाहा. अहवाल वाईट आला की गाव हलते, पुन्हा नमुना जातो आणि खोटा इशारा दोन-चार दिवसांत उघडा पडतो. अहवाल चांगला आला की फाइल बंद होते. खोट्या निर्धास्तपणाची फेरतपासणी कोणी करत नाही. म्हणून सुरुवातीला चुका दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या तरी शेवटी दप्तरात टिकतात त्या पाण्याला निर्दोष ठरवणाऱ्या.

नदीच्या बाबतीतही हेच. नदीत जीव तगतो की नाही हे विरघळलेल्या प्राणवायूवरून कळते. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंक्लर यांनी १८८८ साली दिलेली रीत आजही चालते, आणि तिचे शहाणपण असे की प्राणवायू काठावरच बांधला जातो. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगनीजचे क्षार आणि अल्कली आयोडाइड सोडायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. बाटली खळखळत भरली तर बाहेरची हवा आत शिरते आणि गुदमरलेली नदी बरी दिसते.

बीओडी, म्हणजे जिवाणूंनी घाण पचवताना वापरलेला प्राणवायू, आपल्याकडे २७ अंश सेल्सियसला तीन दिवसांत मोजतात. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि विरघळलेला प्राणवायू ५ च्या खाली नको. हा नमुना मे महिन्याच्या उन्हात दिवसभर गाडीत राहिला, तर जिवाणूंनी बरेच खाणे वाटेतच उरकलेले असते. प्रयोगशाळेत मोजायला कमी उरते, आणि नदी आहे त्याहून स्वच्छ ठरते.

मग नमुन्यात बाहेरून काही मिसळले तर? तेव्हा आकडा वाढतो; माझा नियम तिथे मोडायला हवा. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचे. उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. तो शोधनिबंध १९५६ सालचा. ते काम करताना त्यांच्या लक्षात आले की प्रयोगशाळेत सगळीकडे शिसे आहे : हवेत, धुळीत, भांड्यांत, रसायनांत, कपड्यांत. त्यांनी हवा गाळणारी, काटेकोर स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि प्रत्येक पायरीवर कोरा नमुना चालवला. कोरा नमुना म्हणजे अतिशुद्ध पाणी, जे खऱ्या नमुन्यासारखेच सगळ्या बाटल्या, गाळण्या आणि अ‍ॅसिडमधून जाते. त्यात जे सापडते ते आपण घातलेले असते.

अशा काळजीने समुद्राचे पाणी तपासल्यावर शिशाचे जुने आकडे किती फुगलेले होते हे हळूहळू उघड झाले. आणि आता त्या फुगवट्याचा परिणाम पाहा. सगळीकडेच शिसे सापडते म्हटल्यावर ते निसर्गातच आहे, माणसाच्या शरीराला त्याची सवय आहे, असे म्हणणे सोपे होते. पेट्रोलमध्ये शिसे घालणाऱ्या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो यांची मांडणी अशीच होती. १९६५ साली पॅटरसन यांनी नैसर्गिक शिसे आणि माणसाने पसरवलेले शिसे वेगळे करून दाखवले. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांनी साक्ष दिली की उद्योग वाढले तसे शिसेही वाढत गेले. आपल्या देशात पेट्रोलमधून शिसे गेले ते २००० साली. म्हणजे नमुन्यातली बाहेरची घाणसुद्धा शेवटी कुणालातरी निर्दोष ठरवायच्याच कामी आली. नियम मोडला नाही. फक्त सुटणारा आरोपी बदलला.

शेवटचे उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचे. एप्रिल २०१४ मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले गेले आणि पाइप गंजू नयेत म्हणून लागणारे औषध वापरले गेले नाही. जुन्या शिशाच्या जोडण्यांतून शिसे घराघरांत उतरले. तिथल्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे शिशाचा नमुना निदान सहा तास नळ बंद ठेवून, पहिल्या धारेचा घ्यायचा होता, कारण शिसे थांबलेल्या पाण्यात जास्त उतरते. फ्लिंटमध्ये नागरिकांना दिलेल्या सूचनेत आदल्या रात्री नळ सोडून वाहू द्यायला सांगितले होते. त्याने पाइपातले शिसे आधीच धुऊन जाते. पुढे हिशेबातून दोन नमुने वगळले गेले आणि शहराचा आकडा १५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आत आला. एका आईने आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आपले नमुने घेतले तेव्हा खरे चित्र समोर आले. २०१६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लेखी सांगितले : आधी नळ वाहू देऊ नका, जाळी काढू नका, निमुळत्या तोंडाची बाटली वापरू नका.

मघाशी मी म्हणालो की हातपंप आधी उपसावा. इथे म्हणतो आहे की नळ आधी सोडू नये. दोन्ही बरोबर आहे. तिथे प्रश्न भूजलाचा आहे, इथे पाइपाचा. नमुना घेण्याची रीत पाठ करून भागत नाही. आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत हे बाटली धरणाऱ्याला माहीत असावे लागते.

आणि ही बाटली आपल्याकडे कोण धरतो? गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक धरतो. जलजीवन मिशननंतर गावोगावच्या पाच-पाच महिलांना फिल्ड किटवर पाणी तपासायला शिकवले जात आहे, त्या धरतात. या साखळीत सर्वांत मोठा निर्णय त्यांच्या हातून होतो, आणि मान, मोबदला, शिक्षण यांत सर्वांत कमी वाटा त्यांचाच. विहिरीवर उभा असलेला तो माणूस हाच पहिला विश्लेषक आहे, असे मी मानतो. १९८२ साली के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैल्याचे प्रदूषण ओळखणारी, पाणी काळे पडून इशारा देणारी साधी बाटली पुढे आणली. त्या कल्पनेचे मोठेपण हेच की तिने तपासणी विहिरीवर नेली आणि नमुन्याचा प्रवासच वाचवला.

म्हणून माझ्या काही स्पष्ट मागण्या आहेत. प्रत्येक अहवालावर नमुना घेतल्याची वेळ, तो प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ, पोचला तेव्हाचे तापमान, घातलेले रसायन आणि जागेवर मोजलेला सामू व क्लोरीन छापलेले असावेत. “आढळले नाही” असे लिहिताना किती कमी प्रमाणापर्यंत पाहता येत होते, तेही लिहावे. प्रत्येक फेरीत निदान एक कोरा नमुना आणि एक दुहेरी नमुना, म्हणजे त्याच जागेचा दुसरा नमुना, असावा. काही नमुन्यांत घटकाची माहीत असलेली मात्रा मुद्दाम घालून ती पुरी परत मिळते का ते पाहावे. दहा मायक्रोग्रॅम घातले आणि सहाच दिसले, तर ती पद्धत चार लपवते आहे. उशिरा किंवा चुकीच्या बाटलीत आलेला नमुना नाकारायचे धैर्य प्रयोगशाळेने दाखवावे, आणि त्याचा दोष गावातल्या कर्मचाऱ्याच्या माथी न मारता त्याला बर्फाची पेटी, योग्य बाटल्या आणि गाडीभाडे द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : वाईट अहवालांप्रमाणे चांगल्या अहवालांतलेही काही चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि तिथला नमुना नव्याने, दुसऱ्या हाताने घ्यावा. चुका ज्या बाजूला झुकतात, तिकडेच पहारा हवा.

यातल्या एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त, थोडा खर्च आणि चांगल्या आकड्याकडेही शंकेने पाहण्याची सवय. पाणी वाईट आहे असे म्हणायला एक पुरावा पुरतो. पाणी चांगले आहे असे गावाला सांगायचे असेल, तर बाटली उघडल्यापासून आकडा छापेपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा जाब आपल्याला देता आला पाहिजे. तोवर “पिण्यास योग्य” हा शिक्का कोणीही मारू नये.